काचेचा नंबर आणि कामगारांचा आकडा

मागच्या महिन्यात लातूरहून एका विद्यार्थिनीचा मेसेज आला. ती पीएच.डी.च्या ‘पेट’ची तयारी करते. तिनं लिहिलं होतं, “दादा, माझा धाकटा भाऊ बारावीनंतर एका दुकानात वेल्डिंग शिकायला लागलाय. परवा रात्री दोनला उठून बसला. डोळ्यांत वाळू टाकल्यासारखं होतंय म्हणाला. आईनं बटाट्याच्या चकत्या ठेवल्या. त्याला कोणतं हेल्मेट घेऊन देऊ? आणि खरं सांगा, यात संशोधनाचा विषय होतो का?”

विषय होतो. आणि हेल्मेट कोणतं घ्यावं, तेही या विषयाच्या इतिहासातून जास्त नीट कळतं. म्हणून दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकत्रच देतो.

दुखणं घरात, कारण दुकानात

वेल्डिंगच्या ठिणगीतून डोळ्याला दिसणारा उजेड येतो, तसे न दिसणारे अतिनील किरणही येतात. ते बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला भाजतात. उन्हानं कातडी भाजते तसंच. पण त्या क्षणी काही वाटत नाही. साधारण सहा ते बारा तासांनी टोचणी सुरू होते, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत बरंही वाटतं.

आता संशोधक म्हणून हे पुन्हा वाचा. इजा दुपारी दुकानात झाली, दुखलं मध्यरात्री घरात, आणि परवापर्यंत पोरगा परत कामावर गेला. त्याची नोंद कुठे होणार? दुकानात अपघात-रजिस्टर नाही. दवाखान्यात गेलाच तर केसपेपरवर ‘डोळे लाल’ एवढंच लिहिलं जाणार. अभिलेखागारात एखादी गोष्ट सापडत नाही म्हणून ती घडलीच नाही असं समजणं, ही नव्या संशोधकाची नेहमीची चूक. इथं तर इजेचा स्वभावच नोंदीतून निसटण्याचा आहे.

काच कुणासाठी बनली?

निकोलाय बेनार्दोस यांनी कार्बनच्या कांडीनं लोखंड जोडण्याचं पेटंट १८८५ च्या सुमारास घेतलं. स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग यांनी १९०४ मध्ये ईसाब कंपनी काढली आणि लेप दिलेला रॉड आणला. आज नांदेड-लातूरच्या दुकानात जो रॉड जळतो, तो याच घराण्यातला.

डोळ्यांसाठीच्या काचेचा शोध मात्र वेगळ्या भट्टीजवळ चालला होता. इंग्लंडमध्ये काच बनवणाऱ्या कामगारांना मोतीबिंदू होतो, म्हणून रॉयल सोसायटीनं समिती नेमली होती. त्या कामात विल्यम क्रुक्स यांनी काचेत वेगवेगळी धातुद्रव्यं मिसळून पाहिली. कोणती काच उष्णतेचे आणि अतिनील किरण अडवते, याचा त्यांचा निबंध १९१४ मध्ये प्रसिद्ध झाला. भट्टीसमोरच्या माणसासाठी सुरू झालेला हा विचार पुढे वेल्डरच्याही कामी आला.

वेल्डरच्या हातात आली ती आधी ‘हँड स्क्रीन’, म्हणजे दांड्याला लावलेली काळी काच. तिच्यात एक हात अडकतो. मग डोक्यावर घालायचं हेल्मेट आलं, दोन्ही हात मोकळे झाले. पण दोन्हींत एक अडचण तशीच राहिली. ठिणगी पडण्याआधी काळ्या काचेतून काहीच दिसत नाही.

मुरलेल्या कारागिराला याचा त्रास कमी. रॉडचं टोक कुठं आहे हे त्याच्या हाताला कळतं. मान झटकून तो हेल्मेट खाली पाडतो आणि टाका मारतो. शिकाऊ पोराचं तसं नाही. तो काच बाजूला करून रॉड टेकवतो, ठिणगी पाडतो आणि मग तोंड झाकतो. दर टाक्याला एक झळ. दिवसभरात असे किती टाके होतात, तुम्हीच हिशेब करा. म्हणजे ‘पोरं ऐकत नाहीत, मास्क लावत नाहीत’ हे उस्तादांचं म्हणणं अर्धंच खरं आहे. त्या अवजाराची रचनाच काम येणाऱ्या माणसाला धरून झाली होती.

१९८१ मध्ये स्वीडनच्या हॉर्नेल कंपनीनं आपोआप काळी होणारी काच बाजारात आणली, स्पीडग्लास नावानं. ठिणगी पडताच ती सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात गडद होते, आणि त्याआधी तिच्यातून समोरचं दिसतं. शिकाऊ माणसाची अडचण इथं पहिल्यांदा सुटली.

दहाचा आकडा

मग ही काच लातूरच्या त्या पोरापर्यंत का पोहोचली नाही? इथं यंत्राचा इतिहास सोडून कायद्याचा इतिहास उघडावा लागतो.

१९४८ च्या फॅक्टरी ॲक्टचं कलम ३५ डोळ्यांच्या संरक्षणाबद्दल होतं. उडणारे कण आणि अतितीव्र उजेड, असे दोन्ही धोके त्यात होते. शिवाय ते फक्त काम करणाऱ्याचा विचार करत नव्हतं; कामाच्या अगदी जवळ असलेल्या माणसालाही पडदा किंवा गॉगल द्यायला लावणारे नियम राज्य सरकार करू शकत होतं. म्हणजे पाइप धरून उभा असलेला हेल्परही त्यात आला.

पण ‘फॅक्टरी’ कशाला म्हणायचं? त्या कायद्यात वीज वापरत असलात तर किमान १० कामगार लागत, नसलात तर २०. हा आकडा मागे नेऊन पाहा. १८८१ च्या कायद्यात १००, १८९१ मध्ये ५०, १९२२ मध्ये २०, १९४८ मध्ये १०. सदुसष्ट वर्षं तो खाली येत होता. २०२० च्या संहितेत तो परत वर गेला, वीज असेल तर २० आणि नसेल तर ४०. जुन्या कायद्याच्या कलम ८५ नं राज्य सरकारला छोट्या जागाही कायद्याखाली आणता येत होत्या, पण त्यासाठी वेगळा आदेश काढावा लागे.

आता आपल्याकडचं दुकान बघा. शेठ, एक कारागीर, दोन पोरं. हंगामाआधी उसाच्या ट्रॉल्या आल्या की आणखी एखादा. दहा कधी भरत नाहीत. लातूरच्या रेल्वे कोच कारखान्यात २५ डिसेंबर २०२० ला पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. तिथला वेल्डर कायद्याच्या आत आहे. त्याच शहरात रस्त्याकडेला तसंच लोखंड जोडणारा पोरगा बाहेर आहे. ठिणगी दोघांची एकच.

एक सावधगिरी. या कायद्याला २३ सप्टेंबर १९४८ ला मंजुरी मिळाली, मराठवाडा निजामाच्या ताब्यातून मुक्त झाल्यावर अवघ्या सहा दिवसांनी. म्हणून ‘तेव्हापासून नांदेडला कायदा लागू’ असं लिहून टाकू नका. हैदराबाद संस्थानाचे कायदे वेगळे होते. कायदा मंजूर होण्याची तारीख आणि आपल्या गावात तो लागू होण्याची तारीख, या दोन गोष्टी नेहमी वेगळ्या तपासा.

आता भावासाठी

ताई, कायदा दारात येईपर्यंत थांबू नकोस.

आपोआप काळी होणारी काच असलेलं हेल्मेट घे. पाकिटावर आयएस ११७९, ईएन ३७९ यांसारख्या मानकाचा उल्लेख आहे का ते बघ. चांगल्या काचेतला अतिनील किरण अडवणारा थर ती उजळ असतानाही काम करतो. त्यामुळे ‘काळी व्हायला उशीर झाला तर?’ ही भीती बरीच कमी होते. तरीही काम सुरू करण्याआधी काच काळी होते का, हे रोज तपासायला सांग. ‘ग्राइंड’वर बटण राहिलं तर ती काळी होणार नाही, हेही सांग.

नंबरचा घोळ समजून घे. दुकानात ‘दहा नंबर’ म्हटलं की रॉड असतो, ३.१५ मिलिमीटरचा. ‘बारा नंबर’ त्याहून बारीक, २.५ चा. रॉडचा नंबर वाढला की रॉड बारीक होतो, काचेचा नंबर वाढला की काच गडद होते. दहा नंबरची काच सात हजारांत साधारण एक भाग उजेड आत सोडते, अकरा नंबरची एकोणीस हजारांत एक. ३.१५ चा रॉड ९० ते १३० अँपिअरवर चालत असेल तर १० किंवा ११ ची काच, २.५ च्या रॉडला ९ किंवा १०. उन्हाचा काळा गॉगल यातल्या कशालाच चालत नाही.

बजेट कमीच असेल तर साधं, वर उचलायची काच असलेलं हेल्मेट घे, योग्य नंबरच्या काचेचं. पण मग त्याला ठिणगी न पाडता, मशीन बंद ठेवून, झाकल्या तोंडानं रॉड टेकवायचा सराव आधी करायला लाव. स्लॅग झाडताना आत पांढरा गॉगल हवाच. आणि परत रात्री दुखलं तर बटाटा नको, डोळ्यांच्या डॉक्टरकडं न्या. बधीर करणारे थेंब दुकानातून आणून वारंवार घालणं तर फार धोक्याचं.

आणि तुमच्यासाठी

‘मराठवाड्यातील वेल्डरांच्या समस्या’ असा विषय घेऊन गाईडकडं गेलात तर तो परत येईल, आणि बरोबरच आहे. त्याऐवजी असं विचारा : दहाच्या आकड्याबाहेर राहिलेल्या दुकानात डोळे सांभाळण्याचं ज्ञान कुणाकडून कुणाकडं गेलं? साधनं आपोआप सुचतील. जुन्या कारागिरांच्या मुलाखती, आयटीआयचे जुने अभ्यासक्रम, हार्डवेअर दुकानांची बिलबुकं, आणि हो, घरातल्या बायका. रात्री दोनला बटाटा कापायला त्याच उठल्या होत्या. या इजेच्या पहिल्या साक्षीदार त्या आहेत, आणि त्यांना अजून फारसं कुणी विचारलेलं नाही.

या आठवड्यात एक काम करा. तुमच्या विषयातला कोणताही एक कायदा किंवा योजना काढा आणि तिची ‘व्याख्या’ची कलमं आधी वाचा. कोणत्या आकड्यावर माणूस आत येतो आणि कोणत्या आकड्यावर बाहेर राहतो, ते वहीत लिहा. मग त्या बाहेरच्या माणसाला जाऊन भेटा.