हानोव्हरचा सार्जंट आणि असईचं रान : परक्या पूर्वजाचा माग कसा काढायचा



दिंद्रुडच्या सभेत जर्मनीचा विषय कशाला, असं काहींना वाटेल. पण गेल्या दोन-तीन वर्षांत पूर्वज शोधण्याचं काम आपल्याइतकं दुसऱ्या कुणी केलं नसेल. २०२३ साली सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली आणि मराठवाड्यातल्या घराघरांत कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली. ज्यांनी कधी तहसीलची पायरी चढली नव्हती, ते लोक उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांच्या मागे फिरू लागले. खासरा पाहणीपत्रक, जन्ममृत्यूचं रजिस्टर, शाळेचा दाखला, सगळं बाहेर निघालं. नोंद मिळेल की नाही हा राजकारणाचा भाग झाला, त्यात मी आज शिरणार नाही. पण त्या धावपळीत एक गोष्ट सगळ्यांना कळली : आपला पणजोबा कागदात सापडतो तो त्याच्या मनातल्या नावाने नव्हे, लिहिणाऱ्याने लिहिलेल्या नावाने.

आता हाच प्रश्न जरा अवघड करून बघू. पणजोबा इथलाच असेल तर गाव, शेत, भावकी असा काहीतरी धागा असतो. पण पूर्वज परमुलखातून आलेला असेल, एकटा असेल, आणि त्यातही पळून आलेला असेल, तर त्याचा माग कसा काढायचा? असे जर्मन पूर्वज हिंदुस्थानात होते, आणि त्यांच्यातला एक आपल्या मराठवाड्याच्याच मातीवर लढला.

ते इथे आले कसे, हे आधी सांगतो. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज हा जर्मनीतल्या हानोव्हरचाही शासक होता. १७८० मध्ये हैदर अलीने कर्नाटकात इंग्रजांची कोंडी केली. त्याच वेळी इंग्लंडची फौज अमेरिकेच्या लढाईत अडकली होती. माणसं कमी पडली. तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीने हानोव्हरमधून दोन पलटणी भाड्याने घेतल्या, १५ वी आणि १६ वी. माणसं बहुतेक गरीब घरची होती. भरतीच्या वेळी हातात रोख पैसे मिळायचे आणि पुढे पगाराचं आश्वासन असायचं. बीड जिल्ह्यात बसून हे ऐकताना 'उचल' हा शब्द आठवला असेल, तर तुम्ही बरोबर आहात. या पलटणी मद्रासला उतरल्या आणि १७८३ मध्ये कडलूरच्या लढाईत होत्या. पुढे १७९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत त्या मद्रासच्या बाजूला राहिल्या. लढाईपेक्षा जास्त माणसं तापाने आणि हगवणीने गेली.

या पलटणींतला एक सार्जंट म्हणजे अँथनी पोलमान. तो कंपनीची चाकरी सोडून पळाला आणि शिंद्यांच्या कवायती फौजेत दाखल झाला. महादजी शिंद्यांनी द बॉइन्य नावाच्या सरदाराकडून युरोपीय पद्धतीची पायदळं उभी करून घेतली होती. तो सव्हॉयचा, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या आल्प्स भागातला. त्या फौजेत पोलमान चढत गेला. २३ सप्टेंबर १८०३ ला असईला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेसमोर आर्थर वेलस्ली उभा राहिला. पुढे वॉटर्लू जिंकणारा वेलिंग्टन तो हाच. त्या दिवशी आपल्या बाजूचं कवायती पायदळ होतं पोलमानच्या हाताखाली. असई हे जालना जिल्ह्यातलं, केळणा आणि जुई या नद्यांच्या मधलं गाव. वेलस्ली नदी ओलांडून बाजूने आला, तेव्हा पोलमानने हजारो शिपायांची रांग भरभर फिरवून त्याच्या समोर उभी केली. इंग्रजांना हे अपेक्षित नव्हतं. लढाई त्यांनी जिंकली, पण त्यांची पंधराशेच्या वर माणसं ठार किंवा जखमी झाली. नंतर पोलमान परत इंग्रजांच्या बाजूला गेला.

इथपर्यंतची गोष्ट लढायांच्या पुस्तकांत मिळते. पण समजा, हा माणूस तुमचा पूर्वज आहे. मग लढाईची तारीख तुमच्या काय कामाची? तुम्हाला हवं असतं त्याचं गाव, त्याची आई, त्याची बायको, त्याची मुलं. ते कुठे शोधायचं?

ढोबळ मानाने तीन दारं आहेत.

पहिलं दार त्याच्या मूळ मुलखातलं. जर्मनीत गावोगावच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची पुस्तकं असत. आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकेश्वरचे क्षेत्रोपाध्ये वह्या ठेवतात, तसंच समजा. फरक असा की क्षेत्रोपाध्यायाच्या वहीत आपण स्वतः जाऊन नाव सांगतो, आणि चर्चच्या पुस्तकात पाळकाने गावातल्या प्रत्येकाला लिहिलेलं असतं. पण गावाचं नाव माहीत नसेल तर पुस्तक कुठलं उघडणार? म्हणून दुसऱ्या दारातून सुरुवात करावी लागते.

दुसरं दार पगाराचं. फौजेची हजेरीपत्रकं ठेवली जात, कारण पगार द्यायचा असे. हानोव्हरच्या पलटणींचे कागद तिकडच्या सरकारी दप्तरखान्यात आहेत. कंपनीचे कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यात बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांच्या चर्चनोंदींच्या नकलाही आहेत. यांच्या बऱ्याच सूची आता घरबसल्या बघता येतात. पण पळालेल्या शिपायाची गंमत अशी की ज्या दिवशी त्याची खरी गोष्ट सुरू होते, त्याच दिवशी हजेरीपत्रकातून त्याचं नाव कटतं. त्याला ना पेन्शन, ना विधवेचा अर्ज. पुढचा माग नव्या मालकाच्या दप्तरात, म्हणजे फारसी आणि मोडीत. फारसीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत आणि मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. जर्मन नाव आधी इंग्रज कारकुनाच्या कानातून गेलं, मग फारसी मुनशीच्या लेखणीतून. शेवटी काय उरलं असेल, विचार करा.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे वॉल्टर राइनहार्ट. हाही जर्मन मुलखातून आलेला भाडोत्री शिपाई. १७६३ च्या पाटण्याच्या कत्तलीमुळे इंग्रजांना तो हवा होता. त्याला 'सोंब्र' असं टोपणनाव पडलं आणि इथल्या लोकांच्या तोंडी त्याचं 'समरू' झालं. १७७८ मध्ये तो आग्र्याला वारला. त्याच्या थडग्यावरचा मजकूर जर्मन नाही, इंग्रजी नाही, पोर्तुगीज आहे! त्याची सत्ता आणि फौज पुढे बेगम समरूकडे गेली, आणि तिच्या पलटणी असईलाही आल्या होत्या. राइनहार्टचा पणतू डेव्हिड ऑक्टरलोनी डाइस सोंब्र १८४१ मध्ये इंग्लंडमधल्या सडबरीतून पार्लमेंटवर निवडून आला. पुढच्याच वर्षी ती निवडणूक रद्द झाली, हा भाग वेगळा. पण बघा, पणतवाचं आडनाव म्हणजे पणजोबाचं टोपणनाव. 'राइनहार्ट' शोधत बसणाऱ्याला हा पणतू सापडलाच नसता.

तिसरं दार कोर्टाचं, म्हणजे मालमत्तेचं. डाइस सोंब्र घराण्याची वंशावळ आज इतकी तपशिलात माहीत आहे, कारण बेगमेची दौलत मोठी होती आणि तिच्यावरून वर्षानुवर्षं दावे चालले. वकिलांनी नाती कागदावर आणली. ज्याच्या मागे भांडण्याएवढं काही उरलं नाही, त्याची नाती कुणी लिहिली नाहीत.

आणि आता स्त्रियांबद्दल. या जर्मनांना 'पूर्वज' कुणी केलं? इथल्या बायकांनी. हानोव्हरहून आलेला साधा शिपाई बायको घेऊन आलेला नसे. चर्चनोंदीत मुलाचा बाप्तिस्मा असतो, बापाचं नाव आणि हुद्दा असतो, आणि आईच्या जागी बऱ्याचदा नुसतं 'एतद्देशीय स्त्री' एवढंच. बेगम समरू जगप्रसिद्ध झाली, पण डेव्हिड तिच्या रक्ताचा नव्हता. तो राइनहार्टच्या पहिल्या बायकोच्या वंशातला. तिला 'बडी बीबी' म्हणत. म्हणजे ज्या बाईमुळे वंश चालला, तिचीही ओळख घरातल्या मानापुरतीच उरली. आपल्या वंशावळी काही वेगळ्या नाहीत. सात पिढ्यांची पुरुषांची नावं घडाघडा सांगणाऱ्याला विचारा, पणजीचं माहेर कोणतं? गप्प होतो.

हानोव्हरच्या त्याच पलटणींत कार्ल आउगुस्त श्लेगेल नावाचा एक तरुण अधिकारी होता. तो १७८९ मध्ये मद्रासला वारला. घर पाळकाचं, लिहितं-वाचतं. त्याच्या दोन्ही धाकट्या भावांनी पुढे संस्कृतचा अभ्यास केला, आणि त्यातल्या आउगुस्त विल्हेल्मने १८२३ मध्ये भगवद्गीता लॅटिन भाषांतरासह छापली. कार्लचं नाव टिकलं, कारण मागे लिहिणारे भाऊ होते. त्याच गावात मेलेल्या शिपायांचं नाव हजेरीपत्रकापुरतं.

आता दिंद्रुडला परत येऊ. दसरा झाला की इथून बैलगाड्या, ट्रक, ट्रॅक्टर निघतात. कोयता पश्चिम महाराष्ट्रात जातो, कर्नाटकात जातो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, आणि मुकादमाच्या वहीत बहुतेक नाव नवऱ्याचंच असतं. काही कुटुंबं तिकडेच राहतात. शंभर वर्षांनी सांगली-कोल्हापूरकडचा कुणी पोरगा म्हणेल, आमचा पणजोबा बीडकडून आला होता म्हणे. तो काय शोधणार? तोही पगाराच्याच दारात जाणार : मुकादमाची वही, उचलीचा कागद, कारखान्याची स्लिप. ती वही तोवर राहील का? आणि राहिली, तरी त्यात पणजी असेल का?

पोलमानच्या बाबतीत उशीर झाला. आपल्या बाबतीत अजून झालेला नाही. म्हणून माझी एकच विनंती आहे. आज घरी गेल्यावर आजी असेल तर तिच्याजवळ बसा. तिचं माहेरचं नाव, सासरी आल्यावर ठेवलेलं नाव, दोन्ही विचारा. पहिल्यांदा तोडीला कोणत्या साली गेली, कोणत्या कारखान्यावर, कोणत्या गाडीवर, कोण जन्माला आलं फडावर, हे विचारा. साल आठवत नसेल तर बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर, असं विचारा, बरोबर सांगेल. आणि ते सगळं लिहून ठेवा, तारीख टाकून, खाली सांगणारीचं नाव घालून. साध्या शाळेच्या वहीत लिहिलंत तरी चालेल.