मौनावरील खटला



प्रार्थना म्हटली कीं आपणांस प्रथम शब्द आठवतात : स्तोत्र, आळवणी, मागणें. ख्रिस्ती देवळांतही गीत आणि प्रवचन यांचाच घोष अधिक. परंतु त्याच धर्मांत दुसरीही एक फार जुनी वाट आहे. जुन्या करारांत एलीया संदेष्ट्याची कथा आहे. तो होरेब पर्वतावर असतां प्रचंड वारा सुटला, भूकंप झाला, अग्नि भडकला. परमेश्वर त्यांपैकीं कशांतच नव्हता. मागाहून अगदीं मंद असा ध्वनि आला, आणि तो ऐकतांच एलीयानें आपलें तोंड झग्यानें झांकून घेतलें. आपलें बोलणें थांबवावें आणि देवाचें ऐकावें, ही गोष्ट अनेक साधकांनीं या कथेंत पाहिली. सतराव्या शतकांत इंग्लंडमधील कांहीं साध्या माणसांनीं तर आपली सगळी उपासनाच या पायावर उभारली, आणि त्यासाठीं त्यांना न्यायासनापुढें उभें राहावें लागलें.

हे लोक म्हणजे क्वेकर. जॉर्ज फॉक्स हा विणकराचा मुलगा त्यांचा अग्रणी. १६५२ सालीं उत्तर इंग्लंडच्या डोंगराळ मुलुखांत, फर्बँक फेल येथें, त्यानें मोठ्या जमावापुढें सुमारें तीन तास भाषण केलें. मौनाच्या पंथाचा आरंभ इतक्या लांबलचक भाषणानें व्हावा ही गंमतच! त्याचें सांगणें असें कीं, प्रत्येकाच्या अंतर्यामीं ख्रिस्ताचा प्रकाश आहे. देव आणि माणूस यांच्यामध्यें विद्यापीठांत शिकलेला पाद्री हवाच असें नाहीं.

त्यांची सभा कशी असे? साधी खोली, बसावयास बाकें. वेदी नाहीं, वाद्य नाहीं, पाद्री नाहीं. सर्वांनीं येऊन बसावें आणि वाट पाहावी. कोणास अंतरांतून प्रेरणा झालीच तर त्यानें उठून बोलावें. स्त्रियांनाही ही मोकळीक होती. प्रेरणा न झाल्यास सभा निःशब्दच संपे. हें एकांतांतील ध्यान नव्हे. सर्वांनीं मिळून ऐकणें हें त्यांतील मर्म. रॉबर्ट बार्क्ले या स्कॉटिश पंडितानें १६७६ सालीं लॅटिन भाषेंत या पंथाचें मंडन केलें. युक्तिवादांत तो चांगलाच निष्णात होता. पण आपण या पंथांत आलों तें वादानें जिंकलें जाऊन नव्हे, तर अशा मूक सभेंत बसलें असतां मनाला जें सामर्थ्य जाणवलें त्यामुळें, असें त्यानें स्वच्छ लिहून ठेविलें आहे. (आज जगांतील पुष्कळ क्वेकर, विशेषतः केनियांतील, पाद्री व गीतें यांसह उपासना करतात, ब्रिटनमध्यें मात्र जुनी रीत चालू आहे.)

१६६० सालीं दुसरा चार्ल्स गादीवर आला. यादवी युद्धाच्या आठवणी ताज्या होत्या. राजमान्य चर्चबाहेरील प्रत्येक जमावांत सरकारास बंडाचा वास येई. १६६४ च्या कायद्यानें, घरच्या मंडळींखेरीज पांचांहून अधिक माणसांनीं निराळ्या पद्धतीच्या धर्माचरणासाठीं जमणें हा गुन्हा ठरला. पहिल्या वेळीं पांच पौंडांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. दुसऱ्या वेळीं त्याच्या दुप्पट. तिसऱ्या वेळीं शंभर पौंड न भरल्यास सात वर्षें समुद्रापार हद्दपारी. इतर पंथांचे पुष्कळ लोक लपूनछपून जमूं लागले. क्वेकर मात्र ठरल्या वेळीं, ठरल्या जागीं, दिवसाढवळ्या येऊन बसत.

त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें हर्टफर्ड येथें कांहीं क्वेकरांवर खटला उभा राहिला. साक्षीदारांनीं सांगितलें कीं, हे पांचांहून अधिक लोक एकत्र होते खरे, पण ते कांहीं बोलले नाहींत आणि त्यांनीं कांहीं केलेंही नाहीं. आतां गुन्हा तो कोणता? प्राथमिक चौकशीच्या पंचांनीं आरोप मान्य केला नाहीं. न्यायाधीश ऑर्लँडो ब्रिजमन यांनीं त्यांची कानउघाडणी करून त्यांस पुन्हां विचार करावयास लाविलें. पुढें खटल्याच्या पंचांना त्यांनीं समजाविलें कीं, उच्चारलेल्या शब्दांचा पुरावा येथें मागूं नये; माणसें नेत्रकटाक्षानें, मान हालवून, पाय हालवूनही एकमेकांशीं बोलूं शकतात. आरोपी दोषी ठरले आणि त्यांना सात वर्षें हद्दपारीची शिक्षा झाली.

या निकालांत एक विलक्षण पेंच आहे. शब्दांवांचून उपासना होत नाहीं असें म्हणावें, तर या लोकांनीं कायदा मोडलाच नव्हता. शिक्षा द्यावयाची तर निःशब्द बसणें हीही उपासनाच, हें क्वेकरांचें मूळ प्रतिपादन न्यायासनाला मान्य करणें भाग होतें. माझ्या मतें, बार्क्लेच्या ग्रंथापूर्वीं बारा वर्षें त्याचा सिद्धांत एका विरोधकाच्याच तोंडून असा सिद्ध झाला.

हद्दपारांना घेऊन जाणारें जहाज प्रतिकूल वाऱ्यामुळें पुनः पुन्हां अडलें. अखेर कप्तानानें त्यांना डील बंदरांत उतरवून दिलें. वर, हे पळून गेलेले नाहींत असा दाखलाही लिहून दिला. तो घेऊन ते सरळ घरीं परतले. पण सरकारनें त्यांना पुन्हां पकडलेंच.

ब्रिस्टल येथें १६८२ सालीं बहुतेक प्रौढ क्वेकर तुरुंगांत गेले, तेव्हां त्यांच्या मुलांनीं सभा चालू ठेवल्या. अधिकाऱ्यांनीं मुलांना मारलें, धमकाविलें. तरी तीं येऊन बसत राहिलीं. इतक्या लहान वयांत तीं काय ऐकत असतील, हा प्रश्न मला नेहमींच पडतो.

१६८९ च्या सहिष्णुतेच्या कायद्यानें या सभांना मुभा मिळाली. त्यांत एक अट होती : सभा चालू असतां दाराला कुलूप, अडसर किंवा कडी लावतां कामा नये. क्वेकरांना त्यासाठीं कांहींच बदलावें लागलें नाहीं.