मुंबई गोदी स्फोट
दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १४ एप्रिल १९४४ रोजी, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या मालवाहू जहाजावर झालेले दोन प्रचंड स्फोट. जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके होती. कराचीत त्याच जहाजात कापसाच्या गासड्या आणि तेलाची पिंपे भरली गेली. युद्धाची घाई मान्य केली तरी ही भरणी समर्थनीय ठरत नाही. स्फोटके असल्याची खूण म्हणून लावायचा लाल बावटाही जहाजावर नव्हता. दुपारी कापसाने पेट घेतला. बंबवाले पाणी मारीत राहिले. पण आगीचे नेमके ठिकाण सापडेना आणि तळाचे पाणी उकळू लागले. चार वाजून गेल्यावर पहिला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा स्फोट झाला. हादऱ्याची नोंद सिमल्याच्या भूकंपमापकावर झाली. जळते कापसाचे बोळे मांडवी परिसरातील वस्तीवर पडून आगी पसरल्या. जहाजातील सोन्याच्या विटाही दूरवर उडाल्या. पुढे गाळ उपसताना त्यांपैकी काही मिळाल्या. मृतांचे अंदाज ८०० ते १,३०० असे भिन्न आहेत. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. १४ एप्रिल हा भारतात अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.