नागपूरच्या अंगणातील सावली

अठराव्या शतकाच्या आरंभी देवगडच्या बख्त बुलंद शहा या गोंड राजाने ज्याचा पाया घातला आणि 1853 पर्यंत जेथे भोसल्यांचा अंमल चालला, त्या नागपुरात महावृक्षांचे स्थान घरापुढे नव्हे, तर तलावाच्या पाळीवर, देवळाच्या पारावर आणि तुळशीबाग, तेलंगखेडी, महाराजबाग यांसारख्या राजउद्यानांत होते. वाड्याच्या चौकात तुळशीवृंदावन, फार तर एखादा पारिजातक असे, आणि उन्हाचा बंदोबस्त जाड भिंतींकडे सोपविलेला असे.

1861 मध्ये मध्य प्रांत निर्माण होऊन येथे राजधानी आली, सिव्हिल लाइन्समध्ये साहेबांचे बंगले उठले आणि त्यांच्या विस्तीर्ण आवारांत दक्षिण अमेरिकेच्या रेनट्रीचे छत्र व मादागास्करच्या गुलमोहराचा रक्तवर्ण शोभला. पुढे 1936 च्या कायद्याने सुधार प्रन्यास स्थापन होऊन आखीव भूखंडांची वस्ती वाढली. बंगल्याच्या आवाराची हौस मग चिमुकल्या अंगणात आली आणि माझ्या मते घोटाळा तेथेच झाला.

गुलमोहराच्या सौंदर्याविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. परंतु पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो तेव्हा तो फुलांनी पेटलेला असला तरी त्याची पालवी पुरती भरलेली नसते, आणि त्याची उथळ मुळे शेजारच्या मोगऱ्याचे व जास्वंदीचे पाणी स्वतःकडे ओढतात. चिंचेची सावली गर्द खरी, पण तिच्याखाली फुलझाड तग धरीत नाही. बकुळ सदाहरित आणि सुगंधी असला तरी त्याची दाट छाया तुळशीला मानवत नाही.

कडुनिंबाचे वर्तन निराळे. फाल्गुनात जुनी पाने टाकून चैत्रात तो नव्या पालवीने भरतो, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी सज्ज असतो. शिवाय त्याच्या बारीक पर्णिकांतून झिरपणारा प्रकाश खालच्या रोपांना पुरतो. मात्र त्याला अंगणाच्या पश्चिम कडेस, भिंतीपासून पुरेसे अंतर राखून लावावे, म्हणजे तुळस, मोगरा आणि लिंबू यांना सकाळचे ऊन मिळते व दुपारनंतरचा दाह अडतो. मृगाच्या पावसात रोप लावून पहिले दोन उन्हाळे त्याला नियमित पाणी द्यावे, आणि बुंधा बळावल्यावर खालच्या फांद्या हळूहळू काढाव्यात.