साठी, बुद्धी आणि कमरेचा घेर

कोल्हापूरचे खासबाग मैदान १९१२ सालचे. १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोमचे कलोसियम पाहिल्यावर राजर्षी शाहू महाराजांच्या मनात ही कल्पना आली, असे सांगितले जाते. या मैदानाने आणि पेठापेठांतल्या तालमींनी शहराला शरीराचा एक आदर्श दिला. रुंद छाती, भरलेली मान आणि त्यामागे दूध, तूप, बदाम, थंडाईचा खुराक. पहिलवानाचा खुराक मात्र जोर-बैठकांत आणि तांबड्या मातीत रोज खर्ची पडत असे. तालमीबाहेरच्या शहराने खुराकाचे कौतुक उचलले. मेहनत उचललीच असे नाही.

मराठी भाषेनेही स्थूलतेला सहसा दूषण दिले नाही. 'खात्यापित्या घरचा' हा गौरवच. विसराळूपणासाठी म्हण निराळी : 'साठी बुद्धी नाठी'. एक गोष्ट सुबत्तेची, दुसरी वयाची. दोहोंचे नाते असेल अशी शंका कोणाला आली नाही. चरकसंहिता स्थूलतेबाबत कितीतरी कठोर आहे. सूत्रस्थानाच्या २१ व्या अध्यायात अतिस्थूल माणूस निंदितांत गणला असून त्याचे आठ दोष दिले आहेत : आयुष्य घटणे, हालचाल मंदावणे, दुर्बलता, अति भूक, अति तहान इत्यादी. स्मृती जाणे त्या आठांत नाही.

यात नवल नाही. हे नाते दिसायला एकाच माणसाचे चाळिशीतले वजन आणि सत्तरीतली स्मृती, दोन्हींची नोंद लागते. १९११ ते १९२१ या दशकात भारतातले सरासरी आयुर्मान जेमतेम २० वर्षे होते. (याचा अर्थ म्हातारी माणसे नव्हती असा नव्हे, बालमृत्यू आणि १९१८ च्या इन्फ्लुएंझाने सरासरी खाली ओढली होती.) जगलेल्यांची अशी दुहेरी नोंद ठेवणार कोण? १९०६ मध्ये आलोइस अल्झायमर यांनी ज्या रुग्णाच्या मेंदूचे वर्णन केले, ती ऑगस्टे डेटर पन्नाशीतली होती. त्यामुळे हा आजार तरुण वयातला दुर्मिळ विकार मानला गेला आणि म्हातारपणाचे विसरणे कित्येक दशके 'वयोमानाप्रमाणे' याच सदरात राहिले.

नोंद सापडली ती कॅलिफोर्नियात. १९६४ ते १९७३ दरम्यान तिथल्या एका आरोग्य योजनेत ४० ते ४५ वयाच्या १०,२७६ सभासदांची तपासणी झाली होती. पुढे त्यांच्यापैकी कोणाला स्मृतिभ्रंश झाला हे रेचल व्हिटमर आणि सहकाऱ्यांनी शोधले. २००५ चा निष्कर्ष असा : मध्यम वयात लठ्ठ असलेल्यांत धोका ७४ टक्के अधिक. २००८ मध्ये त्यांनीच पोटाच्या जाडीकडे पाहिले, तेव्हा सर्वाधिक पोट असलेल्या गटात तो जवळजवळ तिप्पट निघाला.

मग २०१५ मध्ये उलटाच पुरावा पुढे आला. ब्रिटनमधल्या सुमारे २० लाख लोकांच्या वैद्यकीय नोंदींत लठ्ठ माणसांना स्मृतिभ्रंश कमी आणि कृश माणसांना जास्त दिसला! इतिहासाच्या अभ्यासकाला हा पेच ओळखीचा वाटेल. दोन साधने परस्परविरोधी बोलतात, तेव्हा पहिला प्रश्न असतो : नोंद घटनेच्या किती आधीची? लंडनच्या सरकारी नोकरांवरील 'व्हाइटहॉल' अभ्यासाने २०१८ मध्ये नेमके हेच तपासले. पन्नाशीतली लठ्ठता धोका वाढवते. पण निदानाच्या सुमारे ८ वर्षे आधीपासून रुग्णाचे वजन इतरांहून कमी दिसू लागते. म्हणजे उशिराच्या नोंदीतला बारीकपणा बहुधा रोगाचे कारण नसून रोगाची चाहूल होती. एका कालक्रमाने निष्कर्ष फिरवला. स्थूलता मेंदूपर्यंत पोहोचते ती मधुमेह, रक्तदाब, बारीक रक्तवाहिन्यांची हानी आणि सततचा सौम्य दाह या वाटांनी, असे आज मानले जाते.

या कथेत महाराष्ट्राची भर पुण्याच्या केईएम रुग्णालयातली आहे. २००४ मध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये शेजारीशेजारी उभे राहून काढलेले आपले छायाचित्रच छापले. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून मेदयुक्त असा हा भारतीय देह. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या त्यांच्या अभ्यासात याचे मूळ गर्भापर्यंत गेले : तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५, तरीही तुलनेने चरबी टिकून, स्नायू मात्र कमी. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २५ लाच लठ्ठता धरतात आणि कमरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंटीमीटर, स्त्रियांना ८० सेंटीमीटर. तालमीचे तोंडही न पाहिलेला, वजनकाट्यावर निर्दोष ठरणारा कोल्हापूरकर या मापात सहज अडकू शकतो.

त्या सहा खेड्यांतली बाळे आज तिशीच्या आसपास आहेत. त्यांच्या नोंदी जन्माआधीपासूनच्या आहेत. साठी उजाडायची ती २०५० नंतर.