पुरवठा व्होल्टेजची निवड (अल्पशक्ती मंडले)

मनगटी घड्याळ, श्रवणयंत्र, शेतातला आर्द्रतामापक अशा बॅटरीवरील उपकरणांत इलेक्ट्रॉनिक मंडल किती व्होल्टवर चालवायचे, हे ठरवण्याची प्रक्रिया. एका बॅटरीवर उपकरण किती काळ चालेल, हे बऱ्याच अंशी या निवडीवर अवलंबून असते.

तत्त्व : सीमॉस मंडलात ० आणि १ या अवस्था बदलताना खर्च होणारी शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वारंवारता तीच ठेवून ५ व्होल्टऐवजी ३.३ व्होल्ट दिल्यास हा खर्च सुमारे ४४ टक्क्यांवर येतो, १.८ व्होल्ट दिल्यास १३ टक्क्यांवर.

मर्यादा : व्होल्टेज उतरले की ट्रान्झिस्टर मंदावतात. एटीमेगा३२८पी हा मायक्रोकंट्रोलर ४.५ व्होल्टला २० मेगाहर्ट्झपर्यंत चालतो, २.७ व्होल्टला १० आणि १.८ व्होल्टला फक्त ४ मेगाहर्ट्झपर्यंत. व्होल्टेज ट्रान्झिस्टरच्या उंबरठ्याखाली बरेच नेल्यास काम इतके लांबते, की तेवढ्या वेळात होणारी गळतीच बचत गिळून टाकते.

बॅटरी : सीआर२०३२ या नाणेवजा सेलचे नाममात्र व्होल्टेज ३ असते, संपत येताना ते २ व्होल्टच्या आसपास उतरते. सेलचा अंतर्गत रोधही वाढतो, त्यामुळे रेडिओ संदेश पाठवताना व्होल्टेज क्षणभर आणखी पडते. वरील मायक्रोकंट्रोलर ८ मेगाहर्ट्झवर ठेवला, तर २.४ व्होल्टखाली त्याचा भरवसा उरत नाही आणि सेलमधली वीज वापराविना राहते. ४ मेगाहर्ट्झवर तोच सेल जवळजवळ शेवटपर्यंत उपयोगी पडतो.

रेग्युलेटर : ३.७ व्होल्टच्या लिथियम-आयन बॅटरीतून रेषीय रेग्युलेटरने १.८ व्होल्ट काढल्यास निम्म्याहून अधिक शक्ती उष्णतेत जाते. स्विचिंग प्रकारच्या बक कन्व्हर्टरने वर्गाच्या प्रमाणातली बचत बरीचशी पदरात पडते. मात्र उपकरण बहुतांश वेळ झोपलेले असेल, तर रेग्युलेटरचा स्वतःचा प्रवाह आधी पाहावा. मायक्रोअँपिअरमध्ये झोपणाऱ्या मंडलाला काही मिलिअँपिअर खाणारा ७८०५ हा रेग्युलेटर चालत नाही.

निवड : आधी सर्वांत जास्त व्होल्टेज मागणारा घटक शोधावा. पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात. तेवढ्यासाठी सगळे मंडल चढ्या व्होल्टेजवर न ठेवता त्या घटकाला वेगळा पुरवठा द्यावा. उरलेल्या भागासाठी, उतरलेल्या बॅटरीवर आणि कमाल भार असतानाही प्रत्येक घटक खात्रीने चालेल, असे किमान व्होल्टेज योग्य ठरते.