काशीबाई गणपत कोण होत्या?

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत आम्ही एक साधा प्रश्न विचारला. आपल्याकडची पहिली बाई डॉक्टर कोण? शाळेतल्या पोरी तर सोडाच, साठी ओलांडलेल्या आजींनीही पटकन सांगितलं, आनंदीबाई जोशी. मग विचारलं, पहिली शिकलेली नर्स कोण? सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या. खरं सांगायचं तर आजच्या बोलण्याची तयारी करेपर्यंत आम्हालाही ते नाव ठाऊक नव्हतं.

बाई काशीबाई गणपत. १८९१ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्या नर्सिंग शिकायला आल्या आणि तिथे शिकायला आलेल्या त्या पहिल्या भारतीय नर्स, असं नर्सिंगच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं. एवढी एक ओळ. आनंदीबाईंवर पुस्तकं निघाली, सिनेमा निघाला, आणि ते योग्यच झालं. पण काशीबाईंच्या वाट्याला एक ओळ का आली, हे समजून घेतलं की आज आपल्या लेकीला नर्सिंगचा कोर्स करूनही हातात तुटपुंजे पैसे का पडतात, तेही बरंचसं समजतं.

आपल्या घरातली गोष्ट आठवा. सासऱ्यांना अर्धांगवायू झाला तर त्यांचं अंथरूण कोण बदलतं? नणंद बाळंतीण झाली तर रात्री कोण उठतं? सूनच. त्याचे पैसे कोणी देतं का? सुईणीचंही तसंच होतं. अंधाऱ्या खोलीत बाळंतिणीची सुटका करायला तिला बोलवायचं, काम झालं की पायलीभर धान्य, एखादं लुगडं द्यायचं आणि वर सोयर म्हणून तिला लांब ठेवायचं. जीव वाचवणारे हात, पण त्या हातांना विटाळाचे म्हणायचं. आपल्याकडे रोग्याची सेवा हे एकतर बाईचं फुकटचं कर्तव्य होतं, नाहीतर खालच्या मानलेल्या जातीच्या बाईचं काम. तो शिकून करायचा धंदा आहे, त्याला पगार आणि मान असतो, हे कुणाच्या मनातच नव्हतं.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. इंग्लंडातही चांगल्या घरातली मुलगी दवाखान्यात काम करत नसे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी १८६० साली लंडनला नर्सिंगची शाळा काढली आणि चित्र पालटायला लागलं. हातात दिवा घेतलेलं त्यांचं चित्र आपण १२ मे ला, परिचारिका दिनाला बघतो. आम्हाला मात्र त्यांच्या दिव्यापेक्षा त्यांची वही मोठी वाटते. लढाईत सैनिक जखमांनी कमी आणि दवाखान्यातल्या घाणीने, साथीने जास्त मरतात, हे त्यांनी आकडे मांडून दाखवलं. हिंदुस्थानात त्या कधी आल्या नाहीत, पण इथल्या पाण्याबद्दल, गटारांबद्दल वर्षानुवर्षं लिहीत राहिल्या.

मुंबईत १८८६ साली कामा हॉस्पिटल सुरू झालं. पेस्तनजी होरमसजी कामा या पारशी गृहस्थांनी त्यासाठी पैसा दिला. बायका पुरुष डॉक्टरला दाखवत नाहीत, दुखणं अंगावर काढतात आणि मरतात, म्हणून बायकांसाठी बायकांनीच चालवलेलं रुग्णालय हवं, हा विचार. पण बाई डॉक्टर आली म्हणजे भागलं का? डॉक्टर येऊन बघून जाणार. रात्रभर जागायला, ताप मोजायला, जखम धुवायला शिकलेली बाई लागणारच. ती आणायची कुठून?

मग प्लेग आला. १८९६ साली मुंबईत, पुढे पुण्यात. गाठ आली की घरचे लोक घर सोडून पळत. त्या दिवसांत सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर झालेले चिरंजीव यशवंत यांनी हडपसरजवळ माळावर दवाखाना काढला. मुंढव्याच्या वस्तीतलं गाठ आलेलं एक पोर सावित्रीबाईंनी पाठीवर घालून तिथवर आणलं. पोर वाचलं. सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. त्यांना आपण पहिल्या शिक्षिका म्हणून ओळखतो, तीन जानेवारीला हार घालतो. त्यांचा शेवट मात्र रोग्याची सेवा करताना झाला, हे फार कमी भाषणांत येतं.

इथे आम्हाला थोडं वेगळं बोलायचं आहे. सावित्रीबाईंच्या त्यागापुढे आम्ही हात जोडतो. पण 'त्याग' आणि 'सेवा' हे शब्द नर्सच्या गळ्यात घालून समाजाने तिचा पगार कापला, हेही खरं आहे. सेवा करणारीने पैसे मागू नयेत, थकले म्हणू नये. रोगी सांभाळायला माया लागतेच. पण नुसत्या मायेने संसर्ग थांबत नाही. त्याला शिक्षण लागतं आणि शिक्षणाला पैसा लागतो.

हे ओळखणारी बाई पुण्यात होती. रमाबाई रानडे. न्यायमूर्ती रानडे १९०१ साली वारले. रमाबाई स्वतः लग्नानंतर नवऱ्याकडून शिकलेल्या, घरातल्या बायकांचा विरोध सोसून. त्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केलं. शिवण, लिहिणं-वाचणं हे होतंच, पण पुढच्या एक-दोन वर्षांत त्यांनी जे केलं ते त्या काळात अचाट होतं. सेवासदनातल्या बायकांना त्यांनी ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवलं.

त्या काळची सोवळ्यातली विधवा डोळ्यांसमोर आणा. घरात कोपऱ्यात बसायचं, एक वेळ जेवायचं, शुभकार्याला तोंड दाखवायचं नाही. अशा घरातली बाई दवाखान्यात जाऊन कोणत्याही जातीच्या रोग्याला हात लावणार, परक्या बाईचं बाळंतपण करणार, रात्रपाळी करून सकाळी परत येणार! लोक काय काय बोलले असतील ते आपल्याला सांगायला नको, आपल्या गावात आजही बोलतात. म्हणून रमाबाईंनी शिक्षणाबरोबर राहण्याची सोयही बघितली. चांगल्या देखरेखीखालचं वसतिगृह असलं की घरचे लोक मुलीला पाठवायला धजतात, हे त्यांना कळलं होतं. शंभर वर्षं झाली, तरी मुलींच्या शिक्षणात अडचण तीच आहे. फी कशीबशी भरता येते, पण लेक राहणार कुठे, या प्रश्नावर घोडं अडतं.

आपल्या मराठवाड्यात तेव्हा निजामाचं राज्य. जालन्याजवळ नारायण शेषाद्री यांनी बेथेल नावाची ख्रिस्ती वस्ती वसवली होती, आणि जालन्याचं मिशन हॉस्पिटल तर आपल्यापैकी कितीतरी जणींच्या आज्यांनी बघितलेलं. तिकडे मिरजेला, इकडे जालन्याला अशा मिशनच्या दवाखान्यांतून ख्रिस्ती मुली या कामात आधी आल्या. त्यांतल्या बऱ्याच अशा घरांतल्या, ज्यांना गावाने विहिरीवर येऊ दिलं नव्हतं. गावाने शिवू नये म्हटलं, आणि गावाच्याच आजाऱ्यांची अंगं त्यांनी पुसली. नर्सिंगच्या इतिहासात त्यांची नावं शोधली तर काशीबाईंएवढी एक ओळसुद्धा क्वचितच सापडते.

स्वातंत्र्याच्या तोंडावर सरकारने देशाच्या आरोग्याची पाहणी करायला भोर समिती नेमली. १९४६ साली तिचा अहवाल आला. देशात सुमारे ७,००० नर्स, म्हणजे ४३,००० माणसांमागे एक. हिशोब करून बघा. दीड लाख वस्तीचा तालुका धरला तर त्याच्या वाट्याला साडेतीन नर्स! आणि त्या तरी तालुक्यात कुठल्या, सगळ्या मोठ्या शहरांत. समितीने सांगितलं, ५०० माणसांमागे एक नर्स हवी. त्याच तालुक्याला ३००. पुढे १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद आली, म्हणजे देशभर नर्सिंगचं शिक्षण एका पातळीवर आणायची व्यवस्था. पन्नासच्या दशकात ए.एन.एम.चा कोर्स सुरू झाला आणि गावाला सिस्टर मिळाली.

ही आपली उपकेंद्रातली सिस्टर. सपाट भागात ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र, डोंगरी आणि आदिवासी भागात ३,००० मागे, असा नियम आहे. लसीकरण, गरोदर बायांची तपासणी, बाळंतपण, कुटुंब नियोजन, वर रजिस्टरं आणि आता मोबाइलवर माहिती भरणं. पावसात नदीला पाणी आलं, रस्ता बंद झाला, तरी बाळंतीण थांबत नाही. बऱ्याच ठिकाणी क्वार्टरचं छत गळतं, नळ कोरडा असतो, आणि मग आपणच म्हणतो, सिस्टर गावात राहत नाही! एकट्या बाईने तिथे रात्र काढावी असं आपण गाव म्हणून काय केलं, हेही एकदा ग्रामसभेत विचारायला हवं.

शहरात तरी नर्स सुरक्षित होती का? २७ नोव्हेंबर १९७३. मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानभाग ही तरुण नर्स ड्युटी संपवून तळघरात कपडे बदलायला गेली. कपडे बदलायला जागा तळघरात, हे लक्षात ठेवा. तिथे एका सफाई कामगाराने तिच्यावर हल्ला केला. गळा आवळल्याने मेंदूला इजा झाली आणि ती परत कधी उठली नाही. आरोपीला सात वर्षांची शिक्षा झाली, तीही खुनाचा प्रयत्न आणि चोरीसाठी. केईएमच्या नर्सनी तेव्हा संप केला. अरुणासाठी आणि स्वतःच्या सुरक्षिततेसाठी. पुढे तिला रुग्णालयातून हलवायची भाषा झाली तेव्हाही त्या आडव्या उभ्या राहिल्या. १८ मे २०१५ ला ती गेली. म्हणजे जवळपास ४२ वर्षं केईएमच्या नर्सनी तिला सांभाळलं. ज्या नव्या मुली पुढे नोकरीला लागल्या, त्यांनी तिला कधी हसता-बोलताना बघितलेलंही नव्हतं. इतक्या वर्षांच्या अंथरुणात तिला बेडसोर, म्हणजे पाठीला जखमा होऊ दिल्या नाहीत याचं डॉक्टरांनाही नवल वाटलं. आजारी माणसाला कुशीवर वळवत राहणं हे किती कौशल्याचं काम आहे, ते ज्यांनी घरात केलंय त्यांना विचारा.

पगाराचं सांगायचं तर १९८७ साली केंद्र सरकारने सरोजिनी वरदप्पन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. आठवड्याला ४० तास काम, राहायला जागा अशा शिफारशी तिने केल्या. कागदावर सगळं चांगलं. २०१६ साली नर्सच्या संघटनेच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने खासगी दवाखान्यांतल्या पगाराकडे बघायला सांगितलं. त्यानंतरच्या तज्ज्ञ समितीने म्हटलं, ५० खाटांपेक्षा लहान दवाखान्यातही नर्सला महिन्याला निदान २०,००० रुपये मिळावेत, आणि २०० खाटांच्या वरच्या रुग्णालयात सरकारी नर्सएवढा पगार. राज्यांनी ते अमलात आणायचं होतं. आपल्या जिल्ह्यात खासगी दवाखान्यात काम करणारी तुमची लेक, सून असेल तर तिला आज विचारा, किती मिळतात.

आम्ही विचारलं. आमच्याच गटातल्या एका बाईने लेकीच्या फीसाठी गटातून कर्ज उचललं होतं. पोरीने तीन वर्षांचा जी.एन.एम. केला आणि शहरातल्या एका खासगी दवाखान्यात लागली. हातात ८,००० रुपये, बारा-बारा तासांची पाळी. आणि मूळ गुणपत्रिका दवाखान्याने ठेवून घेतलेल्या, 'दोन वर्षं सोडून जायचं नाही' म्हणून. ८,००० मध्ये खोलीचं भाडं, डबा आणि गटाचा हप्ता कसा बसवायचा? तीन महिने हप्ता थकला. बैठकीत दोघी-तिघी कुरकुरल्या, आम्हीही कुरकुरलो. हे कबूल केलेलं बरं.

शेवटी तिच्या आईबरोबर आम्ही पाच जणी त्या दवाखान्यात गेलो. भांडायला नाही, कागद मागायला. दोन तास बाकावर बसवलं. आमच्यातल्या एकीने लेखी अर्ज दिला आणि पोच मागितली. पोच मागितल्यावर मात्र आतून बोलावणं आलं आणि गुणपत्रिका मिळाल्या.

तेव्हापासून नर्सिंगसाठी कर्ज मागायला कुणी आलं की आम्ही आधी विचारतो, ती शाळा महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या मान्यतेची आहे का? तिला जोडलेलं रुग्णालय आहे का, की नुसता एक गाळा आणि बोर्ड? सहा महिन्यांत नर्स करून देतो म्हणणाऱ्यांचे कागद परिषदेच्या नोंदणीला चालत नाहीत. आणि नोंदणी नसली की सरकारी जागेचा अर्जच भरता येत नाही. मूळ कागद कुणालाही द्यायचे नाहीत, झेरॉक्स द्यायची, हेही आम्ही आता कर्जाच्या अर्जासोबतच सांगतो.

मे २०२२ मध्ये राज्यातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या होत्या. भरती ठेकेदारामार्फत करू नका, हे त्यांचं मुख्य म्हणणं होतं. तेव्हा आपल्यातल्याच काही जणी म्हणाल्या, यांना काय कमी आहे, रोग्यांचे हाल करतात. हाल होतात, खरं आहे. पण परिषदेचा नियम साध्या रुग्णालयात पाच खाटांमागे एक नर्स असा आहे. रात्री सरकारी वॉर्डात कधी राहिला असाल तर खाटा मोजा आणि नर्स मोजा. ज्या बाईच्या अंगावर चाळीस रोगी आहेत, तिने चिडून उत्तर दिलं तर तो तिचा स्वभाव की तिची पाळी?

ती पोरगी आता दुसऱ्या दवाखान्यात आहे. पगार अजूनही २०,००० ला पोचलेला नाही, पण पाळी आठ तासांची आहे आणि सरकारी भरतीचा अभ्यास चालू आहे. परवा सुट्टीला आली तेव्हा तिला आम्ही काशीबाई गणपत यांचं नाव सांगितलं. म्हणाली, हो, पहिल्या वर्षाच्या पेपरला रिकाम्या जागा भरा मध्ये होतं. गटाचे तिचे चार हप्ते राहिलेत.